सगळेच घेतात, असं मुलगा म्हणतो

ताई, सप्रेम नमस्कार.

आम्ही धनकवडीत राहतो. मी एका पतसंस्थेत नोकरीला आहे, मुलाचे बाबा कंपनीतून निवृत्त झालेत. मुलगा तेवीस वर्षांचा. इंजिनिअरिंग करून गेल्या वर्षापासून हिंजवडीत नोकरी करतो, बऱ्याचदा रात्रपाळी असते. परवा धुवायच्या जीन्सच्या खिशात झिपची एवढीशी प्लास्टिकची पिशवी सापडली. कोपऱ्यात पांढरे कण होते. विचारलं तर आधी चिडला, मग म्हणाला, एमडी आहे, शनिवारी मित्रांबरोबर घेतो, त्यात एवढं काय, सगळेच घेतात, दारूपेक्षा बरं. ह्यांना सांगितलं तर हे म्हणाले, सगळी पिढीच वाया गेलीय, पेपरात रोज वाचतो ना आपण. ह्यांच्या मित्राने एका केंद्राचा नंबर दिलाय. ते लोक गाडी घेऊन येतात, मुलाला उचलून नेतात आणि सहा महिने ठेवतात म्हणे. माझ्या नणंदेचं म्हणणं, लग्न लावून द्या, जबाबदारी अंगावर आली की आपोआप सुटेल. मुलगा वजनाने उतरलाय. रविवारभर झोपतो, सोमवारी-मंगळवारी त्याच्याशी बोलायची सोय नसते. हे स्वतः तंबाखू खातात, त्यावरून मुलगा त्यांना उलटून बोलतो आणि मग दोघांचं वाजतं. ताई, खरंच सगळे घेतात का? आम्ही काय करू? पोलिसांचीही भीती वाटते.

– एक आई, धनकवडी

नमस्कार.

सगळे घेत नाहीत. हे आधी सांगते, कारण तुमच्या घरातले दोघंही त्याच एका शब्दाला धरून बसलेत. मुलगा म्हणतो सगळेच घेतात, त्याचे बाबा म्हणतात सगळेच बिघडलेत. दोघांचंही चुकतंय, आणि ते आकड्यांवरून दाखवता येतं.

केंद्राच्या सामाजिक न्याय मंत्रालयाने दिल्लीच्या एम्समधल्या व्यसनोपचार केंद्राकडून देशभर एक पाहणी करून घेतली. डिसेंबर २०१७ ते ऑक्टोबर २०१८ या काळात दोन लाखांहून जास्त घरांमध्ये जाऊन जवळपास पावणेपाच लाख माणसांना प्रश्न विचारले गेले, आणि फेब्रुवारी २०१९ मध्ये अहवाल आला. दहा ते पंचाहत्तर वयाच्या भारतीयांमध्ये दारू पिणारे निघाले १४.६ टक्के. भांग-गांजा-चरस मिळून २.८ टक्के. अफू, गर्द, हेरॉइन आणि त्या जातीच्या वेदनाशामक गोळ्या घेणारे २ टक्क्यांच्या किंचित वर. उत्तेजक द्रव्यं, म्हणजे झोप उडवणारी, अंगात बळ संचारल्यासारखं वाटायला लावणारी, ती या यादीत अगदी तळाला होती. ॲम्फेटामिनच्या जातीची ०.१८ टक्के आणि कोकेन ०.१० टक्के. दहा हजार माणसांमागे अठरा आणि दहा. तुमच्या मुलाचं एमडी, म्हणजे मेफेड्रोन, हे ॲम्फेटामिनचंच भावंड.

मुलगा यावर लगेच म्हणेल की हे अख्ख्या देशाचं आहे, त्यात खेड्यातले आजोबाही आले, आणि दारात उभ्या असलेल्या परक्या माणसाला कोण खरं सांगतं. त्याचं म्हणणं रास्त आहे. घरोघरी जाऊन केलेल्या पाहणीत हॉस्टेलवर किंवा चौघांनी मिळून घेतलेल्या फ्लॅटवर राहणारी मुलं कमी सापडतात, घरात आईबाप कान देऊन उभे असताना तर कुणीच कबूल करत नाही. शिवाय त्या पाहणीला बरीच वर्षं झाली आणि त्यानंतर आपल्याकडे एमडी वाढलं. तर मग तो आकडा वीसपट धरू. तरीही शंभरात चारसुद्धा भरत नाहीत.

दुसरीकडचं उदाहरण बघा. इंग्लंड आणि वेल्समध्ये २००९-१० च्या सुमारास याच मेफेड्रोनची मोठी लाट आली होती. ते तेव्हा तिथे कायद्याच्या कचाट्याबाहेर होतं, इंटरनेटवर मागवता यायचं. एप्रिल २०१० मध्ये बंदी आली. त्याच सुमारास झालेल्या सरकारी पाहणीत १६ ते २४ वयाच्या ४.४ टक्के मुलामुलींनी वर्षभरात ते घेतल्याचं सांगितलं. तेवढ्यानेच ते त्या वयात कोकेनच्या बरोबरीला जाऊन बसलं आणि तिथे मोठा गहजब झाला. म्हणजे लाट ऐन भरात असतानाही शंभरातली पंचाण्णव मुलं त्यात नव्हती.

मग तुमच्या मुलाला सगळेच का दिसतात? तो खोटं बोलत नाही. त्याच्या शनिवारच्या खोलीत सहा जण असतील तर सहाच्या सहा घेत असतील. एमडी ओळखीतून हातात येतं, विकणाराही बहुतेक वेळा मित्राचा मित्र असतो, आणि न घेणारे मित्र हळूहळू त्या खोलीत यायचे बंद होतात. शाळेतला एखादा मित्र, क्रिकेटची गँग, ट्रेकला जाणारी मुलं, यातलं हल्ली घरी कोण येतं? त्याला हे विचारा, वाद घालायला म्हणून विचारू नका. त्याच्या बाजूची माणसं कशी बदलली हे त्याचं त्यालाच आठवू दे.

आता त्याच्या बाबांविषयी. पिढी वाया गेली हे वाक्य पुण्याने याआधीही ऐकलंय. १९८० च्या दशकात गर्द आली तेव्हा घराघरात हीच भीती होती. त्या काळात, १९८६ मध्ये, डॉ. अनिल अवचट आणि डॉ. सुनंदा अवचट यांनी, पु. ल. आणि सुनीताबाई देशपांडे यांच्या मदतीने, येरवड्याला मुक्तांगण हे व्यसनमुक्ती केंद्र सुरू केलं. तिथून बरे होऊन गेलेली माणसं आज त्याच्या बाबांच्या वयाची आहेत, त्यांची मुलं नोकरीला लागलीत. जपानचंही सांगते. दुसऱ्या महायुद्धात तिथे कामगारांना आणि सैनिकांना जागं ठेवायला मेथॲम्फेटामिनच्या गोळ्या दिल्या जात. युद्ध संपल्यावर तो साठा बाजारात आला आणि तरुण पोरं त्यात अडकली. १९५१ मध्ये खास कायदा करावा लागला, १९५४ या एका वर्षात पन्नास हजारांवर अटका झाल्या. पुढच्या काही वर्षांत ती लाट ओसरली. जपानची पिढी वाया गेली असं कुणी म्हणेल का? उत्तेजकांच्या लाटा येतात आणि ओसरतात. पण लाट ओसरेपर्यंत आपलं पोर त्यात असेल तर त्याला बाहेर काढावंच लागतं, आणि तुमचा प्रश्न तोच आहे.

देशाच्या आकड्यांतून आणखी एक गोष्ट कळते, ती तुमच्या फार कामाची आहे. आपल्याकडे दारू आणि अफूच्या जातीच्या द्रव्यांचा भार इतका मोठा आहे की व्यसनमुक्तीची सगळी घडी त्यांच्यासाठीच बसलीय. दारू सोडताना हातपाय थरथरतात, फिट येऊ शकते, त्यासाठी औषधं आहेत. गर्द सोडताना अंग मोडून येतं, त्यालाही ब्युप्रेनॉर्फिनसारखी औषधं आहेत. उत्तेजकांवर अशी कुठलीही मान्यताप्राप्त गोळी नाही. डॉक्टर झोपेसाठी, नैराश्यासाठी, भास होत असतील तर त्यासाठी औषध देतील आणि ते घ्यायलाच हवं. पण मूळ सवय सुटते ती नियमित समुपदेशनाने. एक साधी पद्धत जगभर सगळ्यात जास्त उपयोगी ठरलीय. लघवीची तपासणी स्वच्छ आली की लगेच काहीतरी छोटं, ठरलेलं बक्षीस द्यायचं आणि असं आठवड्यांमागून आठवडे करत राहायचं. ऐकायला पोरकट वाटतं, पण ज्या मेंदूला झटपट मिळणाऱ्या सुखाची चटक लागलीय त्याला लांबच्या भवितव्याची व्याख्यानं पोचत नाहीत. म्हणून कुठल्याही केंद्रात गेलात की तिथे एमडीचे किती पेशंट येतात आणि त्यांच्यासाठी वेगळं काय करता, हे विचारा. गोंधळलेलं उत्तर आलं तर दुसरीकडे जा.

एमडी इतकं सहज कसं मिळतं, हेही समजून घ्या. कोकेन दक्षिण अमेरिकेतल्या पानांपासून बनतं, समुद्र ओलांडून येतं, महाग पडतं. मेफेड्रोनला शेत लागत नाही. रसायनं, एक कारखाना आणि ते करू शकणारा माणूस, एवढं पुरतं. फेब्रुवारी २०२४ मध्ये पुणे पोलिसांनी दौंड तालुक्यातल्या कुरकुंभच्या औद्योगिक वसाहतीत छापा घातला. त्या तपासात पुणे, दिल्ली आणि सांगली मिळून दीड हजार किलोंहून जास्त एमडी पकडलं गेलं, किंमत साडेतीन हजार कोटींच्या पुढे सांगितली गेली. सोलापूर रस्त्याने देवदर्शनाला जाताना आपण ज्याच्या शेजारून गेलो, तिथे हे बनत होतं. तुमच्या मुलाच्या खिशात ते आलं याचा अर्थ तुमच्या संस्कारांत खोट होती असा होत नाही. तुम्ही तसं लिहिलं नाहीत, पण पत्रातून ते जाणवत राहिलं.

आता शनिवारचं. युरोपातल्या काही शहरांत सांडपाण्याचे नमुने रोज तपासून शहर काय घेतंय ते मोजतात. त्यात कोकेन आणि एक्स्टसी यांचे अंश शनिवार-रविवारकडे वर चढतात, ॲम्फेटामिन आणि मेथॲम्फेटामिनचे मात्र आठवडाभर बऱ्यापैकी सारखे राहतात. म्हणजे मौजेसाठी घेणारे आणि दिवस रेटण्यासाठी घेणारे, असे दोन निराळे आठवडे असतात. एकाच माणसाच्या आयुष्यातही तसंच होतं. आधी फक्त शनिवार असतो. मग रविवारचा उतार सोसवत नाही म्हणून रविवारी थोडं, मग रात्रपाळीत डोळे मिटतात म्हणून बुधवारी थोडं. तुमचा मुलगा शनिवार म्हणतोय, पण तुमच्या पत्रात मंगळवारही आहे. मला त्या मंगळवारची जास्त काळजी वाटते.

मेफेड्रोन मेंदूतली डोपामिन आणि सेरोटोनिन ही सुखाची भावना देणारी रसायनं एकदम बाहेर ढकलतं. गप्पा रंगतात, सगळे जवळचे वाटतात, थकवा पळतो. हे दोन-तीन तासांत उतरतं, आणि उतरायला लागलं की पुन्हा घ्यावंसं वाटतं. म्हणून एका रात्रीत चार-पाच वेळा घेतलं जातं आणि ठरवलेल्यापेक्षा जास्त होतं. झोप नाही, भूक नाही, जबडा आवळलेला, छातीत धडधड, घाम. दोन दिवसांनी मेंदूतला साठा रिकामा झालेला असतो, तेव्हा चिडचिड आणि काळीकुट्ट उदासी येते. रविवारची झोप, सोमवारचा राग, उतरलेलं वजन, सगळं याच्याशी जुळतं. दारूपेक्षा बरं, हे त्याचं म्हणणंही टिकत नाही, कारण बहुतेक मुलं दोन्ही एकत्र घेतात. एमडीच्या भरात दारू चढल्यासारखी वाटत नाही, म्हणून जास्त प्यायली जाते, आणि हृदयावर दोन्हींचा ताण पडतो.

त्याच्याशी बोलायचं ते गुरुवारी. रविवारी-सोमवारी अजिबात नको, तेव्हा त्याच्या डोक्यात ऐकून घ्यायला जागाच नसते. शक्यतो चालताना, गाडीत, कुठेतरी शेजारी-शेजारी असताना बोला. समोर बसवून चौकशी केल्यासारखं करू नका. तळजाईच्या टेकडीवर चक्कर मारायला म्हणून घेऊन जा. म्हणायचं एवढंच: "तू शनिवार म्हणतोस, ते मी मानते. पण मंगळवारपर्यंत तू आमचा राहत नाहीस. मला भीती वाटते. एकदा डॉक्टरांकडे जाऊ, मी बाहेर बसेन." मग गप्प राहा. तो चिडला तरी विषय बदलू नका आणि आवाज चढवू नका. चारच गोष्टी विचारा: शनिवार सोडून आणखी कुठल्या दिवशी घेतोस का, एकट्याने कधी घेतलंस का, कामासाठी घेतलंस का, एका रात्रीत ठरवलेल्यापेक्षा जास्त होतं का. यातल्या एकाचंही उत्तर हो आलं तर फक्त स्वतःच्या मनावर सोडवेन हे त्याचं आश्वासन पुरेसं धरू नका. जिमला जात असेल तर तिथे कुणी ताकदीचं म्हणून इंजेक्शन देतं का, हेही विचारा. शस्त्रक्रियेच्या वेळी रक्तदाब सावरायला वापरतात ते मेफेंटरमाइन काही व्यायामशाळांतून मुलांना टोचलं जातं, आणि तेही उत्तेजकच आहे.

एक महिनाभर आठवडा लिहून ठेवायला त्यालाच सांगा: किती झोपला, काय पाळी होती, घेतलं का, किती पैसे गेले. तुम्ही लपून खिसे तपासू नका. मेडिकलमधून लघवी तपासायची पट्टी आणून त्यावरही विसंबू नका, कारण नेहमीच्या कित्येक पट्ट्यांवर मेफेड्रोन उमटतच नाही. पट्टी कोरी आली म्हणून तुम्ही निर्धास्त व्हाल आणि त्याला पळवाट सापडेल. तपासणी करायची तर डॉक्टरांमार्फत, त्याला सांगून.

जायचं कुठे? मानसोपचारतज्ज्ञ आधी. पुण्यात मुक्तांगण आहेच, तिथे घरच्यांशीही बोलतात, आणि तुम्हाला त्याची गरज मुलाइतकीच आहे. मोठ्या सरकारी रुग्णालयांत मानसोपचार विभाग असतात, केस पेपरच्या पैशांत काम होतं. त्याआधी नुसतं बोलायचं असेल तर १४४४६ ही केंद्र सरकारची व्यसनमुक्तीची मोफत हेल्पलाइन आहे, आणि मन फार खचलं असेल तर १४४१६ हा टेलिमानसचा, म्हणजे सरकारच्या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनचा नंबर. रविवार-सोमवारच्या उदासीत मरणाचे विचार येऊ शकतात. त्याने तसं काही बोलून दाखवलं तर ते धमकी म्हणून उडवून लावू नका. त्याच क्षणी फोन करा आणि त्याला एकटं सोडू नका.

गाडी घेऊन येऊन उचलून नेणाऱ्या केंद्राला मात्र मी स्पष्ट नाही म्हणते. तुमचा मुलगा सज्ञान आहे. २०१७ चा मानसिक आरोग्यसेवा कायदा दारू आणि अमली पदार्थांमुळे होणाऱ्या आजारांनाही लागू आहे. त्याप्रमाणे सज्ञान माणसाला त्याच्या संमतीने दाखल करायचं असतं. संमतीशिवाय दाखल करता येतं ते त्याच्या किंवा इतरांच्या जिवाला धोका असेल किंवा तो स्वतःची काळजी घेऊच शकत नसेल तेव्हा, डॉक्टरांनी तपासून, आणि पहिल्यांदा जास्तीत जास्त तीस दिवस. चार माणसांनी येऊन उचलून नेणं यात कुठेच बसत नाही. साखळीने बांधणं तर या कायद्याने सरळ निषिद्ध आहे. केंद्राची राज्य मानसिक आरोग्य प्राधिकरणाकडे नोंदणी आहे का, मानसोपचारतज्ज्ञ प्रत्यक्ष येतो का आणि कधी, आठवड्यात मुलाशी फोनवर बोलता येईल का, त्याची खोली बघता येईल का, एवढं त्या नंबरवर फोन करून विचारा. भेटायला बंदी, पैसे आगाऊ, सहा महिने ठरलेले, असं ऐकू आलं तर फोन ठेवून द्या. असल्या ठिकाणाहून परतलेली मुलं माझ्यासमोर बसलीत. त्यांच्या बोलण्यात एमडी कमी आणि आईबापांनी दगा दिला हे जास्त असतं. तो राग ओलांडून पुन्हा उपचारापर्यंत आणायला फार काळ जातो. तुमचा मुलगा अजून तुमच्याशी खरं बोलतोय. सापडल्यावर अर्ध्या तासात त्याने नाव सांगितलं, किती वेळा घेतो ते सांगितलं. ते गमावू नका.

पोलिसांची भीती वाटणं साहजिक आहे. मेफेड्रोन फेब्रुवारी २०१५ पासून एनडीपीएस, म्हणजे अमली पदार्थविरोधी कायद्याच्या यादीत आहे. दोन ग्रॅमपर्यंत ती अल्प मात्रा धरली जाते, पन्नास ग्रॅमच्या पुढे व्यापारी मात्रा. नुसतं सेवन हाही गुन्हा आहे. पण त्याच कायद्यात ६४-अ हे कलम आहे. सेवनाचा किंवा अल्प मात्रेचा आरोप असलेला व्यसनी माणूस स्वतःहून सरकारी किंवा सरकारमान्य ठिकाणी उपचार घेत असेल आणि ते पुरे करत असेल, तर त्याच्यावर त्यासाठी खटला चालत नाही. म्हणून उपचाराचे कागद नीट ठेवा. हे संरक्षण विकण्याला नाही. मित्रासाठी आणलं, पैसे वाटून घेतले, मी फक्त पोचवलं, हेही कायद्याच्या नजरेत देवाणघेवाणीत येऊ शकतं, आणि कित्येक मुलांना हे ठाऊकच नसतं. मुलाला हे नीट समजावून सांगा. पुरावा म्हणून ती पिशवी कपाटात जपून ठेवली असेल तर त्याच्यासमोर संडासात टाकून पाणी सोडा.

कधी रात्री तो घरी आला आणि अंग तापलेलं आहे, छातीत दुखतंय, फिट आली किंवा कुणीतरी मागावर आहे म्हणून खिडक्या लावत सुटलाय, तर १०८ ला फोन. दाबून धरू नका, खोली गार ठेवा, ओल्या फडक्याने अंग पुसा. आणि डॉक्टरांना एमडी घेतलंय हे स्पष्ट सांगा. लाजेपोटी ॲसिडिटी म्हणून सांगितलेल्या दुखण्यात मोलाचा वेळ जातो.

त्याच्या बाबांच्या तंबाखूवरून मुलगा बोलतो, त्यात तथ्य आहे. निकोटिन हेही उत्तेजकच. २०१६-१७ च्या पाहणीत महाराष्ट्रातले २६.६ टक्के प्रौढ तंबाखू वापरताना आढळले, बहुतेक जण खाण्याची. एमडी आणि तंबाखू एका पारड्यात घालण्यात अर्थ नाही, पण सोडायचं ठरवणं, चार दिवस काढणं, पाचव्या दिवशी हात आपोआप खिशात जाणं, हे त्या घरात आतून माहीत असलेला माणूस तेच आहेत. रागावून तंबाखू सुटली असती तर तुमच्या रागाने कधीच सुटली असती. त्यांनी मुलाला एवढं सांगितलं, की मलाही जमलेलं नाही आणि मला ते कसं वाटतं हे मी जाणतो, तर घरातलं भांडण निम्मं थंड होईल. जमल्यास दोघांनी एकाच दिवशी डॉक्टरांकडे जावं.

नोकरीचं बघा. रात्रपाळी आणि उत्तेजकं यांचं जुनं नातं आहे, जपानचं वर सांगितलंच. झोपेचं घड्याळ बिघडलेलं असताना सवय सुटणं दुप्पट अवघड जातं. डॉक्टरांच्या चिठ्ठीवर प्रकृतीच्या कारणाने काही महिने दिवसपाळी मागता येते, चिठ्ठीत व्यसनाचा उल्लेख असायची गरज नसते. पगाराचं काय करायचं ते त्याच्याबरोबर बसून ठरवा. कार्ड हिसकावून घेऊ नका. शुक्रवारी रात्री खात्यात फार पैसे नसतील अशी सोय त्याने स्वतः मान्य केली तर ती टिकते. पहिला आठवडा तो नुसता झोपेल आणि खाईल. त्यानंतर काही आठवडे काहीच गोड लागणार नाही, क्रिकेटही नाही, बिर्याणीही नाही. मेंदू पूर्ववत व्हायला महिने लागतात. मध्ये एखादा शनिवार घसरेल. घसरला तर सोमवारी डॉक्टरांना कळवायचं आणि पुढे चालू ठेवायचं.

नणंदबाईंचा हेतू चांगला असेल, पण लग्न हा यावरचा उपाय नाही. परक्या घरातल्या मुलीला काही न सांगता या घरात आणून तिच्यावर त्याचं व्यसन सोडवायची जबाबदारी टाकणं हा तिच्यावर अन्याय आहे, आणि तुमच्या मुलालाही तो ताण आत्ता पेलणार नाही. पुन्हा विषय निघाला की सांगा, आम्ही वर्षभर स्थळं बघणार नाही. कारण सांगायला तुम्ही बांधील नाही.